वहिनींची एक चांदणी

सैन्यातून निवृत्त होऊन कडेगावला परतलो तेव्हा माझ्या अंगात एक गुर्मी होती : मला कॉम्प्युटर येतो. बावीस वर्षं मी युनिटच्या ऑफिसात क्लार्क होतो. बंदुकीपेक्षा की-बोर्डच जास्त बडवला. गावात आल्यावर कुणाचा सातबारा काढून दे, कुणाचा फॉर्म भरून दे, असं करत करत मी स्वतःला तालुक्याचा तज्ज्ञ समजायला लागलो. त्यामुळे थोरला भाऊ गेल्यावर वहिनींचं दुकान इंटरनेटवर आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी मिशीला पीळ भरला. पुढं जे झालं त्यात माझी हुशारी नेमकी कुठं होती, ते मला अजून सापडलेलं नाही.

दुकान मोटार रिवायंडिंगचं. आमचा भाग उसाचा. विहिरीवरची मोटार जळली की तिच्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार खाचांमध्ये वेढे घालून बसवावी लागते. आमच्याकडं याला मोटार भरणं म्हणतात. भाऊ मोटारी भरायचा आणि पंचक्रोशीत त्याच्या हाताचं नाव होतं. निदान लोकांना तसं वाटायचं.

खरी गोष्ट घरातल्या माणसांनाच ठाऊक होती. बऱ्याच वर्षांपूर्वी साखळीवरनं मोटार निसटून भावाच्या उजव्या हातावर पडली. हात वाचला, पण दोन बोटं वळेनाशी झाली. खाचेत तार बसवायची तर बोटं वळायलाच हवीत. दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुमी सांगा, मी करती." सातवी शिकलेली बाई. महिनाभर त्याच्या शेजारी बसून शिकल्या आणि नंतर दुकानाच्या मागच्या भागात, प्लायच्या आडोशाला, मोटारी भरू लागल्या. पुढं भाऊ मोटारी खोलायचा, बोल्ट आवळायचा, गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, गप्पा हाणायचा. काम वहिनींचं, नाव भावाचं. दोघांपैकी कुणीच हे बाहेर बोललं नाही. मला त्याचा राग यायचा, भावाचा आणि वहिनींचाही. पण रजेवर आलेल्या माणसाच्या रागाला कोण विचारतं?

भाऊ गेल्यावर दुकान दोन महिने बंद राहिलं. तेवढ्यात गावांनी ठरवून टाकलं की हात गेला, दुकान संपलं. कुणीतरी मोबाइलच्या नकाशावरसुद्धा 'कायमचे बंद' अशी नोंद करून टाकली होती. मोटारी परस्पर दुसऱ्या गावांना जायला लागल्या. पुतण्या पुण्यात नोकरीला. तो म्हणाला, "आई, आता बास झालं. कुलूप लाव आणि माझ्याकडं चल." वहिनींनी त्याच्याकडून एक उन्हाळा मागून घेतला. उन्हाळ्यात उसाला पाणी लागतं, विजेचा दाब कमी-जास्त होतो, मोटारी पटापट जळतात. "उन्हाळा सरंपातूर मोटारी आल्या तर ऱ्हाती. न्हाई आल्या तर तू म्हणशील तिकडं येती," असं त्यांनी लेकाला सांगितलं. म्हणजे त्या बाईचं काम, तिचं गाव आणि तिचं स्वतःचं म्हणून जे काही होतं, ते सगळं त्या चार महिन्यांवर येऊन ठेपलं होतं. आणि तिनं भरवसा ठेवला होता माझ्यावर.

मी फौजी शिस्तीत कामाला लागलो. पहिल्यांदा नकाशावरचं 'बंद' काढून 'चालू' केलं. त्यासाठी दुकानाचा व्हिडिओ पाठवावा लागला. वहिनींनी त्याच्या आदल्या दिवशी दुकान असं काही धुऊन काढलं की आत एकही मोटार उरली नाही. सगळ्या मागच्या बोळात. वर स्वतः नवी साडी नेसून, हात मांडीवर ठेवून, आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशा बसल्या. मी म्हटलं, "वहिनी, हे मोटारीचं दुकान वाटत न्हाई, पतसंस्था वाटतीया." त्या म्हणाल्या, "आवं भावजी, आख्खं जग बघणार म्हणतासा, मग ग्रीस दाखवायचं व्हय?" शेवटी मोटारी परत आत आणल्या. मीच आणल्या, माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर.

मग फोटो. काम करताना काढू म्हटलं. वहिनी सागवानी साच्यावर तार गुंडाळत होत्या, ओठ हलत होते. मी मोबाइल धरून म्हणालो, "वहिनी, जरा हिकडं बघा." त्यांनी बघितलं. फोटो झकास आला. वहिनींनी मात्र साच्यावरची सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला सुरुवात केली. माझ्यामुळं वेढ्यांची मोजणी चुकली होती.

"एखाद्या वेढ्यानं काय हुतंय?" मी म्हणालो.

"मोटार गरम हुती," त्या म्हणाल्या. "तुमच्या फोटूचं काय, परत निघंल."

त्या दिवसापासून मोजणी चालू असताना मी तिथं खोकलोसुद्धा नाही. माणसाचा मान ठेवणं काय असतं ते मी पलटणीत शिकलो होतो, पण तिथं हुद्दा बघून मान ठेवत होतो. इथं बाई प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, आणि मी दारात 'सावधान'मध्ये.

दुकानाची माहिती लिहायची वेळ आली तेव्हा आमचं वाजलं. मी लिहिलं होतं की इथल्या मोटारी गेली कित्येक वर्षं वहिनीच भरतात, हात तोच आहे. वहिनींनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "ह्ये काढा."

"खरं हाय की!"

"खरं हाय. पण त्यांचा हात हुता असं लोक म्हंत्यात, म्हणू द्यात. गेलेल्या माणसाचं नाव काढून मी माझ्यावर चढवू?"

"मग लोकांना कळायचं कसं की हात गेला न्हाई म्हणून?"

"काम बघून कळंल."

मी रागानं लॅपटॉप मिटला. पण त्यांच्यापुढं माझं कधी चाललंय? 'दुकान चालू आहे' एवढंच लिहिलं आणि भावाचं नाव बोर्डावर होतं तसंच ठेवलं.

हळूहळू मोटारी येऊ लागल्या. शेजारपाजारचे, भावकीतले, कुणी कीव म्हणून आलेले. एकदा आलेला माणूस मात्र कीव विसरून जायचा. वहिनी जळकी मोटार नुसती उघडून सांगायच्या, ती का जळली. तीनपैकी दोन फेजांची तार काळीठिक्कर आणि तिसरी चांगली असली की म्हणायच्या, "एक फेज गेली हुती, तरी चालवलीसा न्हवं? पाण्याची पाळी हातची जाईल म्हणून?" समोरचा ओशाळून मान खाली घालायचा. मोटार परत देताना त्या एक चिठ्ठी तारेनं बांधून द्यायच्या : काय झालं होतं, आता काय सांभाळायचं. गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणून झटणारा दुकानदार मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

आता माझी हुशारी. लोकांनी इंटरनेटवर चार शब्द चांगले लिहिले तर लांबची गिऱ्हाइकं येतील, हे मी कुठंतरी वाचलं होतं. लोकांना लिहायचा कंटाळा, म्हणून नुसते तारे दिले तरी चालतील असं ठरवलं. मी एक कागद छापला, त्यावर मोबाइलनं स्कॅन करायचा चौकोन, आणि खाली ठळक अक्षरात : 'आमचे काम आवडले? मग आम्हाला नंबर द्या.' तो भिंतीवर चिकटवला आणि गुडघ्याच्या उपचारासाठी पंधरा दिवस साताऱ्याला बहिणीकडं गेलो.

तिथं पुतण्याचा फोन आला. आवाज चढलेला.

"काका, आईचं पेज बघितलं का? अहो, सगळ्यांनी एक-एक स्टार दिलाय. पाचपैकी एक! इतकं वाईट रेटिंग मी आयुष्यात बघितलं नाही. लोक तोंडावर गोड बोलतात आणि मागं हे करतात. आईला मी सांगितलंय. बास झालं आता. मी येऊन घेऊन जातो तिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला आधी वाटलं, पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या रिवायंडिंगवाल्याचं हे काम. उपचार अर्धवट टाकून मी एसटीत बसलो. कराड येईपर्यंत त्या माणसाला काय काय बोलायचं ते मनात पाठ करत होतो आणि त्यातलं बरंचसं छापण्यासारखं नव्हतं.

दुकानात आलो. भिंतीवरचा कागद तसाच होता. त्यांनी पिशवी भरून ठेवली होती. टेस्टर, पाने, मीटर, सगळं.

"आपन त्या मानसांच्या विहिरीवर जाऊन येऊ," त्या म्हणाल्या.

"कशाला? जाब विचारायला? चला, आत्ता चला!"

"जाब न्हाई वो. माझं कुठं चुकलं ते बघाया. एवढी मानसं येकच चांदनी देत्यात म्हंजे कायतरी चुकलं आसंल. मोटार गरम हुत आसंल. पानी कमी फेकत आसंल. तोंडावर बोलली न्हाईत, मी बाईमानूस म्हणून."

मला गलबलून आलं, हे सरळच सांगतो. मी भांडायला निघालो होतो आणि ही बाई पाने घेऊन दुरुस्तीला. अपमान झाला तेव्हा तिच्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो मोटारीचा. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी असा एकही साहेब पाहिला नाही.

मोटारसायकलवर मागं पिशवी घेऊन वहिनी आणि पुढं मी, असे आम्ही निघालो. पहिल्या विहिरीवर त्यांनी मोटार चालू करायला लावली, मोटारीच्या अंगाला हात लावून बघितला, मीटर लावला. काही दोष नाही. शेतकरी म्हणाला, "वैनी, लय भारी चालतीया." वहिनींचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या ठिकाणी तेच. परत निघताना त्या मला म्हणाल्या, "भिडंखातर बोलत्यात."

तिसरा होता निवृत्त सुभेदार, माझ्याही आधी पेन्शनीत आलेला, एकदम कडक माणूस. त्याच्या मोटारीचं पाणी पाटातून धो धो वाहत होतं. वहिनींना राहवलं नाही.

"आवं दाजी, मोटार येवढी चांगली चालतीया, मग मला येकच चांदनी का दिलीसा?"

सुभेदार चक्रावला. "मग किती द्यायच्या? येक नंबर काम हाय, येक नंबर दिला!"

मी मध्येच ओरडलो, "सुभेदारसाब, पाच द्यायचे असतात! पाच म्हंजे सगळ्यात चांगलं!"

"पाच?" तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी रेशनात घोटाळा केलाय. "शाळंत पाचव्या नंबरानं पास झाल्यालं कोन सांगतंय का? आन तुमच्याच कागदावर लिवलंय न्हवं, नंबर द्या म्हणून? मी तर माझ्या भावकीतल्या समद्यांस्नी सांगितलं, येकच द्या. दोन दाबला तर दोन नंबरचा माल म्हंतील!"

वहिनी पाटाच्या कडेला मटकन खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. बघतो तर हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सुभेदारही हसायला लागला, कशाला ते न कळताच. मी मात्र नव्हतो हसत. 'नंबर द्या' ही माझी शब्दरचना होती. बावीस वर्षं हुकूम टाइप केले, एक शब्द धड निवडता आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकाच्या मागं लागलो, की बाबांनो, पाच करा. काहींनी केले. काहींचा मोबाइल नातवाचा, नातू सांगलीला. काहींना पासवर्ड आठवेना. सुभेदार तर हटूनच बसला, की एकदा दिलेला पहिला नंबर मी काढून घेणार नाही. शेवटी वहिनींनीच मला थांबवलं. "मनापास्नं दिल्यात, ऱ्हाऊ द्या तशाच. त्यांस्नी म्हणावं, मोटारीला काय झालं हुतं तेवढं लिवा खाली. मी उत्तर देती."

आणि त्या खरंच उत्तरं द्यायला लागल्या. दुपारी गिऱ्हाईक नसताना मला सांगायच्या, मी टाइप करायचो. इथं मला कळलं की तारेच्या वेढ्यांइतकीच ही बाई शब्दांनाही चोख आहे. एक शब्द जास्त नाही. कुणी लिहिलं, "मोटार जळाली होती, आता ठीक, एक नंबर." त्याखाली वहिनींचं उत्तर : "तुमच्या मोटारीचं बेअरिंग जाम झालं होतं, म्हणून ती ताण घेऊन जळाली. वर्षानं बेअरिंग बघून घ्या, मला परत भरावी लागणार नाही." मी माझ्या सवयीनं शेवटी 'आपला नम्र' वगैरे घालायला जायचो, त्या काढायला लावायच्या. ते पान जगातलं सर्वांत विचित्र पान झालं असेल. वर एक तारा, खाली तारीफ, आणि त्याखाली मोटार का जळते त्याची शाळा.

मे महिन्यात जतकडून एक माणूस पिकअपमध्ये मोटार घालून आला. त्यांच्याकडं पाण्याची आधीच मारामार, वस्तीची पाण्याची टाकी ज्या मोटारीवर भरायची ती एका उन्हाळ्यात तिसऱ्यांदा जळली होती. बोलण्यात कानडी हेल. मी त्याला काळजीनं विचारलं, "तारे बघितले का आमचे?"

"तारे न्हाई बघितले वो," तो म्हणाला. "अक्कांनी खाली लिहिलंय ते वाचलं. आमच्याकडं मोटार भरून देणारे लय हाईत. का जळाली ते कोन सांगत न्हाई."

वहिनींनी त्याला दहा प्रश्न विचारले. खांबापासून बोअर किती लांब, केबल किती जाड, मोटार कधी चालू करता. मग म्हणाल्या, "मोटार भरून देती. पर केबल बारीक हाय तुमची, लांबून येताना विजेचा दाब कमी हुतोय. ती बदला, न्हाईतर चौथ्यांदा येशिला." तो गेला आणि महिना संपायच्या आत त्याच्या सांगण्यावरून त्या भागातली आणखी चार माणसं आली. केबलवाली मोटार मात्र परत आली नाही, याचा आनंद वहिनींना सगळ्यात जास्त झाला.

जूनच्या सुरुवातीला पुतण्या आला. ठरलेला उन्हाळा संपला होता. सामान न्यायला म्हणून मित्राची मोठी गाडी मागून आणली होती. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, इतक्या मोटारी. तरी तो हट्टाचाच होता. दुपारी स्टुलावर बसून आईला समजावत होता : आज आल्या, उद्या येतील कशावरून? लोक बाबांच्या नावावर येतात गं. नाव किती दिवस पुरेल?

मी तोंड उघडणार होतो, वहिनींनी डोळ्यांनीच गप्प केलं.

बोलता बोलता तो मोबाइलवर आईचं पान चाळत होता. आदल्या दिवशी एका जुन्या बागायतदारानं लिहिलं होतं. पुतण्यानं ते मोठ्यानं वाचलं, जणू पुरावाच सापडला : "भाऊंनी भरलेली आमची मोटार बारा वर्षे चालू आहे. तसा हात आता पुन्हा होणे नाही. बाकी वहिनी पण काम चांगले करतात. एक नंबर."

वहिनी हातातलं काम खाली ठेवून उभ्या राहिल्या. हात पुसले. "दे हिकडं," म्हणाल्या.

मी टाइप करायला पुढं झालो तर मला बाजूला सारलं. मोबाइल घेतला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, लिहायला लागल्या. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला हातानं थांबवलं. बराच वेळ लागला. मग मोबाइल लेकापुढं धरून म्हणाल्या, "शुद्धलेखन तेवढं बघ."

मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. लिहिलं होतं : "दादा, तुमची मोटार मी भरली होती. बारा वर्षांपूर्वी त्यांची बोटं वळत नव्हती. मी आत बसून तार घातली, त्यांनी बोल्ट आवळले आणि तुम्हाला चहा पाजला. काम दोघांचं होतं."

पुतण्या ते पुन्हा पुन्हा वाचत होता. या दुकानात तो लहानाचा मोठा झाला होता, आडोशामागं कोण बसतं हे त्याला माहीत होतं. पण आईच्या तोंडून हे वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

"काय चुकलंय का?" वहिनींनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "सगळं बरोबर आहे." आणि त्यानं स्वतःच्या हातानं ते पाठवलं.

संध्याकाळी तो रिकामी गाडी घेऊन एकटाच पुण्याला गेला.